भरल्या ताटावरून

झोइलोसला देवाचं वावडं नव्हतं. वावडं होतं ते सुरीचं.

अंत्युखियात, ओरोंतेस नदीच्या काठी, त्याचं खारवणीचं आवार होतं. मासळी आणि मीठ यांचे थर रचून रांजण उन्हात ठेवायचे, दोन-अडीच महिने ढवळत राहायचं आणि तळाशी जो तांबूस रस उतरतो तो सुरयांत भरून विकायचा. सगळं शहर हा रस जेवणावर शिंपडायचं, आणि तेच शहर झोइलोसच्या गल्लीतून जाताना नाक धरायचं. त्याची बायको अम्मिया म्हणायची, "देवळात तुम्ही शिरलात की मूर्तीसुद्धा श्वास रोखून धरतात. त्यांना पळता येत नाही म्हणून बिचाऱ्या उभ्या असतात."

पुढे अम्मियाने यहूद्यांच्या सभास्थानात जायला सुरुवात केली आणि तिथे मूर्तीच नाही असं झोइलोसला कळलं, तेव्हा त्याने बराच विचार करून मत दिलं, "ज्याला तोंड-डोकं नाही त्याला नाकही नसणार. हा देव आपल्याला चालेल."

अम्मियाचं कारण निराळं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी तापात गेली, तेव्हा देवळाच्या पुजाऱ्याने नैवेद्य कमी पडल्याचं सांगितलं होतं. शेजारच्या काचवाल्या हनानेलची बायको शुशन्ना मात्र आली आणि अम्मियाच्या शेजारी नुसती बसली. दिवसभर बसली, बोलली काहीच नाही. "ज्यांच्या बायकांना गप्प बसता येतं, त्यांच्या देवात काहीतरी असलं पाहिजे," असं अम्मियाने ठरवलं आणि पुढच्या शब्बाथला, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या वारी, डोक्यावर पदर घेऊन ती सभास्थानाच्या दारात उभी राहिली. मागे झोइलोस.

बायकांचं सोपं होतं. त्यांनी डुक्कर सोडायचं, मूर्ती सोडायच्या, अंघोळ करायची, झालं. पुरुषांना सुंता करून घ्यावी लागे. ती न करणाऱ्यांना दाराजवळच्या मागच्या बाकावर जागा मिळे. झोइलोस त्या बाकावर वर्षानुवर्षं बसला. एक वडीलधारे गृहस्थ त्याला दरवर्षी न चुकता विचारत, "मग झोइलोस, कधी?" आणि झोइलोस दरवर्षी काहीतरी सांगे. द्राक्षं उतरू देत. थंडी जाऊ दे. थंडी येऊ दे. एका वर्षी त्याने मेहुण्याचं लग्न सांगितलं. त्याला मेहुणा नव्हता.

भीती दुखण्याची होतीच, पण त्याहून मोठी हमामखान्याची होती. झोइलोस रोज दुपारी हमामखान्यात जाई. मासळीचा वास घालवायला त्याला दुसरा उपाय नव्हता. तिथे माणसाचा धर्म गळ्यात नसतो, कमरेखाली असतो. गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बसलेली त्याची दोस्तमंडळी आतापासूनच वाट बघत होती. "झोइलोसशेठ, अजून पुरे आहात ना? का घासाघीस चाललीय?"

अशात यरुशलेमेहून पळून आलेली काही माणसं शहरात बोलू लागली. रोमनांनी खांबाला ठोकून मारलेला त्यांचा कुणी गुरू तिसऱ्या दिवशी उठला म्हणे, आणि तोच ख्रिस्त, ज्याची यहूदी लोक कधीची वाट बघत होते. हनानेल त्यांचं ऐकायला जाऊ लागला. मग एक दिवस भिंतीवरून डोकं काढून त्याने झोइलोसला हाक मारली.

"अरे, तूही ये. ते म्हणतात, हे सगळ्यांसाठी आहे. ग्रीक, सिरियन, कोणीही."

"आणि ते... दुसरं?"

"कुठलं दुसरं?"

झोइलोसने बोटांची कात्री करून दाखवली.

"त्याची गरज नाही म्हणतात. पाण्यात बुडी पुरे."

"नुसतं पाणी?"

"नुसतं पाणी."

हनानेलचं वाक्य संपायच्या आत झोइलोसचा विश्वास बसला होता. इतक्या तातडीने अंत्युखियात दुसऱ्या कोणी विश्वास ठेवला नसेल. ओरोंतेसला डोंगरातलं बर्फाचं पाणी आलेलं, तरी तो कमरेपर्यंत धावत गेला. बुडवणारा अजून प्रार्थना म्हणत होता, तोवर हा स्वतःच बुडी मारून वर आला. "थांबा हो," तो माणूस म्हणाला, "अजून तुमचं नाव विचारायचंय." मग पुन्हा बुडवला.

असा तो चुकीच्या कारणाने आत शिरला. पण आत शिरल्यावर त्याचं काहीतरी भलतंच झालं. बंधुमंडळींच्या जेवणासाठी सगळ्यांत मोठी मोकळी जागा झोइलोसच्या आवारात होती, म्हणून दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी, उन्हं उतरताना, सगळे तिथे जमू लागले. यहूदी, सिरियन, एक रोमन शिपाई, कुणाकुणाचे गुलाम. रांजण बाजूला सारून चटया अंथरायच्या, मध्ये पाट ठेवायचे, भाकरी मोडायची आणि हातोहात पुढे द्यायची. जन्मभर मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला ते जड गेलं. पहिल्या दिवशी कोणीतरी भाकरी त्याच्या हातात दिली तेव्हा त्याला वाटलं, ही पुढच्याला द्यायचीय, आणि त्याने स्वतःचा तुकडा न मोडताच ती सरकवली.

सगळ्यांत नवलाची गोष्ट हनानेलची. वीसेक वर्षांचा शेजार. भट्टी पेटवायला विस्तव इकडून जाई, तुटकी काच तिकडून येई, भांडणं दोन्हीकडून होत. पण हनानेलने या घरात पाण्याचा घोट घेतला नव्हता. तो यहूदी, हे परराष्ट्रीय. त्यात राग कसला धरायचा? तरी अम्मिया धरायची. आता तो जेवायला बसणार म्हटल्यावर तिने मुद्दाम खवल्यांच्या मासळीचा वेगळा रस उतरवला. नदीतला बिनखवल्यांचा मिशाळ मासा त्याला निषिद्ध, म्हणून त्या रांजणाला ढवळणंसुद्धा वेगळं ठेवलं. हनानेलने पहिला घास घेतला.  घास गिळला, घाम पुसला आणि तो उठून भिंतीआड जाऊन ओकला. परत येऊन पुन्हा बसला. "मन तयार आहे," तो ओशाळून म्हणाला, "पोट अजून जुन्या नियमशास्त्रात आहे." पुढच्या आठवड्यात पोटही आलं. त्यानंतर तो अम्मियाकडे मसूर आणखी मागून घेऊ लागला, आणि अम्मिया वाढताना "किती खातो हा मेला" असं पुटपुटत खूश होऊ लागली.

तेव्हा एल्याकीम आला.

एल्याकीम यरुशलेमेच्या मंडळीतला होता, इथल्या बंधूंचं कसं काय चाललंय ते बघायला आलेला. अंगाने किडकिडीत, पाय चालून फुटलेले, बोलणं मऊ. वाईट माणूस नव्हता. तसा असता तर सोपं गेलं असतं. झोइलोसने त्याचे पाय स्वतः धुतले, अम्मियाने पुढ्यात ताट ठेवलं. एल्याकीम हात जोडून म्हणाला, "मी तिकडे चौथऱ्यावर बसतो. आमची भाकरी आम्ही आणलीय."

"का?" अम्मियाने विचारलं. "आमच्या भाकरीला काय झालं?"

"भाकरीला काही नाही, बाई."

"मग भाजणारीला?"

एल्याकीमने खाली बघितलं. मग त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं, जराही आवाज न चढवता. ख्रिस्त आपला आहे, तो आमच्या मूळपुरुष अब्राहामाच्या घराण्याला देवाने दिलेल्या वचनातून आला. त्या घराण्यात यायचं तर दारातून या. दार म्हणजे सुंता. "तुम्ही परके नकोत असं मी म्हणतच नाही," तो म्हणाला. "उलट, पुरते आमचे व्हा. मग एकाच ताटात जेवू."

हनानेलच्या तोंडात घास होता. तो त्याने गिळला, बोटं पुसली, आणि झोइलोसकडे न बघता तो उठला. चौथऱ्यावर एल्याकीमजवळ जाऊन बसला. त्याच्या मागोमाग आणखी यहूदी मंडळी उठली. ताटं तशीच राहिली.

एका आवारात दोन पंगती झाल्या. रोमन शिपाई शेजारच्याला म्हणाला, "आपलं काय चुकलं?"  सगळे गेल्यावर अम्मियाने हनानेलचं उष्टं ताट उचललं आणि गल्लीतल्या कुत्र्यासमोर आपटलं. कुत्र्याने मसूर खाल्ला नाही, तर ती कुत्र्यालाही बोलली, "तूही यरुशलेमचाच का रे?"

दुसऱ्या दिवशी झोइलोस हनानेलच्या भट्टीवर गेला. हनानेल नळीच्या टोकाला लाल गोळा फुंकत होता. त्याने बघूनही फुंकणं थांबवलं नाही, गाल फुगवून फुंकत राहिला. फुंकणाऱ्याला बोलावं लागत नाही, ही त्या धंद्यातली सोय. झोइलोस गोळ्याची सुरई होईपर्यंत उभा राहिला.

"बोल," शेवटी हनानेल म्हणाला.

"तूच बोल."

"काय बोलू? पोरीचं ठरतंय. मुलाकडचे यरुशलेमचे. बाप सुंता न झालेल्यांच्या घरी जेवतो म्हणून कळलं तर? तुला काय, तुझ्यामागे कोण आहे?"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. झोइलोसची मुलगी जगली असती तर याच वयाची असती.

झोइलोसने ते ऐकून सोडून दिलं. "हनानेल," तो म्हणाला, "वीस वर्षं तू माझ्याकडे जेवला नाहीस. मला कधी वाईट वाटलं नाही. अम्मियाला वाटलं, मला नाही. तुमचा नियम तुमच्याकडे. पण तू बसलास, जेवलास आणि भरल्या ताटावरून उठलास. कोणी शत्रूच्या ताटावरून उठत नाही रे असा."

हनानेलने नळी पुन्हा भट्टीत घातली. आगीकडे तोंड केलं की डोळ्यांना पाणी येतंच, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

घरी येऊन झोइलोसने अम्मियाला जाहीर केलं, "करून घेतो."

"काय?"

"तेच."

अम्मियाने हातातली पळी खाली ठेवली. "इतकी वर्षं देवासाठी नाही केलंत, आता काचवाल्यासाठी करणार?"

"एवढ्याशा कातड्यापायी आवार फुटतंय."

"एवढ्याशा म्हणता ते खरंय," अम्मिया म्हणाली, "पण तुमच्या वयात जखम भरत नाही. मेलात तर मी या रांजणांचं काय करू?" आणि मग रडू फुटल्यावर तिने पदराने तोंड झाकलं आणि आतून त्याला शिव्या दिल्या.

सुंता करणारा मत्तथ्या म्हातारा सभास्थानामागे राहायचा. या नव्या ख्रिस्तवाल्यांशी त्याचा संबंध नव्हता, आणि ते त्याला आवडतही नसत. सकाळच्या उन्हात बसून तो घेवडा सोलत होता.

"आजोबा, सुंता करायचीय."

"मूल कुठाय?"

"मूल नाही. मीच."

मत्तथ्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "उशीर केलास."

"हो."

"बैस. आधी सांग, का?"

झोइलोसने खोटं बोलायचं ठरवलं होतं. घराबाहेर पडतानाच अब्राहाम, करार, इस्राएलाचा देव अशी वाक्यं घोकली होती. पण म्हाताऱ्याच्या मागे कोनाड्यात सुरी दिसली आणि घोकलेलं सगळं उडालं. "जेवायचंय," तो म्हणाला.

"काय?"

"शेजाऱ्याबरोबर. तो माझ्याबरोबर जेवत नाही. हे केलं की जेवेल."

मत्तथ्याने घेवड्याची शेंग परातीत टाकली.  मग त्याचे खांदे हलू लागले. तो हसतोय हे झोइलोसच्या उशिरा लक्षात आलं.

"अब्राहामाने म्हातारपणी करून घेतली," मत्तथ्या डोळे पुसत म्हणाला, "पण देवाने सांगितलं म्हणून. शेजाऱ्याने ताट सरकवलं म्हणून नव्हे. ऊठ, घरी जा."

"पण आजोबा, मी तयार आहे."

"मी नाही ना. ही देवाशी केलेल्या कराराची खूण आहे, मेजवानीचं आमंत्रण नव्हे. देव हवा असेल तेव्हा ये, अंधारातसुद्धा ये, मी करीन. शेजारी हवा असेल तर शेजाऱ्याकडे जा. आणि त्या तुमच्या लोकांना सांग, माझी सुरी त्यांच्या पंगतीची भांडणं मिटवायला नाही."

झोइलोस बाहेर पडला तो इतका हलका होऊन की वाटेत त्याने अंजिरांची पाटीच विकत घेतली आणि हमामखान्यात जाऊन सगळ्यांना वाटली. "काय, सुटलात?" कोणीतरी विचारलं. तो हसला. मग गरम पाण्यात बसल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. म्हातारा हो म्हणाला असता तर? भीती होती हे खरं, पण तो गेला होता. स्वतःबद्दल एवढं चांगलं त्याला बऱ्याच वर्षांत काही सांगता आलं नव्हतं, आणि सांगायचं तर कोणाला?

पुढच्या जेवणाला पुन्हा दोन पंगती बसल्या. एल्याकीम चौथऱ्यावर, हनानेल त्याच्या डाव्या हाताला, मान खाली. अम्मियाने खालच्या पंगतीत सगळ्यांना वाढलं. मग स्वतःचं ताट घेतलं, चौथऱ्याच्या पायऱ्या चढली, आणि एल्याकीम आणि हनानेल यांच्या मधोमध फतकल मारून बसली.

"बाई," एल्याकीम दचकून म्हणाला.

"गुरुजी, डुक्कर मी केव्हाच सोडलं. मूर्ती सोडल्या. शब्बाथला चूल पेटवत नाही. बुडीही घेतली. आता माझं काय राहिलं? सांगा, काय कापायचं?"

खालच्या पंगतीत रोमन शिपायाला ठसका लागला.

"बायकांचं वेगळं असतं," एल्याकीम म्हणाला.

"वेगळं असतं हे मला ठाऊक आहे. मी लग्न केलेली बाई आहे."

आता दोन्ही पंगती हसत होत्या. झोइलोस उभा राहिला. त्याने मत्तथ्याकडे गेल्याची हकिकत सांगितली, घेवड्यासकट, काही न लपवता. मग म्हणाला, "गुरुजी, मी शिकलेला नाही. पण नदीतून वर आलो तेव्हा मला सांगितलं, झालं, तू पुरा झालास. आता तुम्ही म्हणता, जरासं राहिलंय. ख्रिस्ताने सगळं केलं आणि तेवढं जरासं नेमकं तिथेच ठेवलं?"

हनानेलच्या नाकातून हसू फुटलं. त्याने ते दाबायला तोंडावर हात घेतला.

एल्याकीम हसला नाही. "तुम्हाला ही थट्टा वाटते," तो हळू म्हणाला. "दोनशे वर्षांपूर्वी एका राजाने ही खूण बंद केली होती, याच शहरातून राज्य करणाऱ्या राजाने. आमच्या बायांनी तरी पोरांची सुंता केली. त्यांची पोरं त्यांच्याच गळ्यात बांधून त्यांना तटावरून खाली ढकललं. आमच्याच घराण्यातली एक बाई त्यांत होती. त्या बाया कशासाठी मेल्या, सांगा. नुसतं पाणी पुरे होतं तर त्या कशासाठी मेल्या?"

 अम्मियाने घास ताटात परत ठेवला.  झोइलोसला आपली मुलगी आठवली, आणि पोर गळ्यात बांधलेली बाई दिसली, आणि त्याला वाटलं, आपण इतका वेळ हसत होतो ते नेमकं कशाला?

"मला ठाऊक नाही, गुरुजी," तो म्हणाला. "खरंच नाही."

"मलाही आमच्या पंगतीचं सगळं ठाऊक आहे असं नाही," एल्याकीम म्हणाला. पण तो खाली उतरला नाही.

पुढच्या आठवड्यापासून एल्याकीम आणि त्याच्या मताची मंडळी शहराच्या दुसऱ्या टोकाला जमू लागली. हनानेल तिकडेही गेला नाही आणि इकडेही आला नाही. भट्टी पेटायची, सुरया तयार व्हायच्या, भिंतीवरून डोकं मात्र वर यायचं नाही. आवारातली अर्धी चटई रिकामी पडली. मंडळीतले मोठे लोक यरुशलेमेत याच गोष्टीवरून भांडताहेत अशी बातमी आली. "भांडू दे," अम्मिया म्हणाली. "त्यांना तिथे जेवायला कोण वाढतंय कोण जाणे."

रांजण बदलायचे दिवस आले. एका आडवारी, भर दुपारी, दोघं नवराबायको रांजणाच्या सावलीत बसून जेवत होते. ना भाकरी मोडण्याचा दिवस, ना प्रार्थनेची वेळ. आवाराचं दार करकरलं. हनानेल आत आला, केसांत राख, हात भट्टीने काळवंडलेले. तो दाराशीच उभा राहिला.

"काय हवंय?" अम्मियाने विचारलं. आवाजात मीठ होतं, रांजणाला पुरेल इतकं.

"भूक लागलीय."

"घरी बायको आहे ना?"

"आहे."

"आणि तुझ्या पोरीचं?"

"ते मोडलं तर दुसरं बघू. अजून काही ठरवलेलं नाही मी, वहिनी. कोण बरोबर ते मला कळत नाही. त्या तटावरच्या बाया डोळ्यांपुढून हलत नाहीत. पण त्या दिवशी मी उठलो ते त्यांच्यासाठी नव्हतो उठलो. घाबरलो होतो, म्हणून उठलो." त्याने झोइलोसकडे बघितलं. "एवढंच ठरलंय."

 झोइलोस सरकला, आणि त्याने चटईवर जागा केली. अम्मियाने ताट आदळलं, पण भरून. हनानेल बसला, हात धुतले आणि खाऊ लागला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शुशन्नाची हाक आली, "अहो! कुठे गेलात? भट्टी विझतेय!"

हनानेलचा हात थांबला. गल्लीत त्या वेळी पाणी भरायला निघालेल्या बाया होत्या, सभास्थानाचा झाडलोट करणारा होता, सगळी ओळखीची माणसं. झोइलोसला वाटलं, आता हा गप्प बसेल, आणि त्याने त्याच्यासाठी काहीतरी थाप जुळवायलाही घेतली.

"झोइलोसकडे!" हनानेल ओरडला, काच फुंकून तयार झालेल्या त्या छातीने. "जेवतोय!"

गल्लीतली चाहूल थांबली. 

"काय केलंय तिने?" शेवटी शुशन्नाने विचारलं.

"मसूर!" अम्मियाच ओरडली. "हवा असेल तर तूही ये, दार उघडंच आहे!"

शुशन्ना त्या दिवशी आली नाही. हनानेलने भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि म्हणाला, "मीठ जरा कमी आहे."

"माशाच्या आवारात मीठ कमी म्हणतोस?" अम्मिया उसळली, आणि रसाची सुरई आणायला उठली.